दारूचा परवाना आणि गावाची संमती

मद्यपान इष्ट की अनिष्ट, ह्या वादात आम्ही येथे शिरत नाही. त्या वादाच्या दोन्ही बाजू वाचकांस पुरेशा परिचित आहेत, आणि त्यांत नवी भर घालण्यासारखे आमच्यापाशी थोडेच आहे. आम्हांस पाहावयाचे आहे ते निराळे. एखाद्या गावात किंवा एखाद्या पेठेत दारूचे दुकान निघते, आणि त्या दुकानाच्या भिंतीवर सरकारी शिक्क्याचा एक कागद टांगलेला असतो. हा कागद कोणी दिला, कोणास विचारून दिला, आणि त्यापायी जमलेला पैसा कोठे गेला? ह्या तीन साध्या प्रश्नांचा माग काढीत गेले म्हणजे महाराष्ट्राच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित पदर उलगडतो. राज्यकर्ते बदलले, दुकाने उघडली, मिटली, पुन्हा उघडली. परंतु ज्यांच्या दारात दुकान यावयाचे त्यांस विचारण्याची गोष्ट बहुतेक प्रत्येक खेपेस शेवटीच राहिली, असे आमचे मत ह्या इतिहासावरून झाले आहे. परवाना देणाऱ्यांनी गावास विचारले नाही हे तर खरेच; पण बंदी घालणाऱ्यांनी तरी कोठे विचारले?

बंदीपासूनच प्रारंभ करू. पेशवाईत मद्यविक्री ही उत्पन्नाची बाब म्हणून वाढविण्याचे सरकारचे धोरण नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या रोजनिश्यांवर १९०० साली जो विवेचक निबंध लिहिला, त्यात ह्याविषयी मोठी उद्बोधक माहिती आली आहे. मद्य गाळण्यास व विकण्यास मनाई होती. पुढे वसई, चौल वगैरे मुलूख फिरंग्यांकडून हाती आला, तेव्हा तेथील भंडारी, कोळी इत्यादी लोकांनी आपणांस मद्यावाचून चालत नाही, अशी विनंती हुजुरास केली. आणि त्यांच्यापुरती सूट ठेवण्यात आली. ब्राह्मण, प्रभू व सरकारी कामगार ह्यांस मात्र मनाई कडक होती. नाशिकच्या काही ब्राह्मणांनी ती मोडली आणि गुन्हा कबूल करण्याचे नाकारले, तेव्हा त्यांची रवानगी किल्ल्यांवर कैदेत झाली. खेड तालुक्यातील एका मातबर पाटलास प्रथम ताकीद मिळाली. ती त्याने जुमानली नाही, म्हणून त्याची निम्मी इनाम जमीन जप्त झाली.

हे वाचून जुन्या राज्याविषयी कोणाचा ऊर भरून येत असेल तर त्याने थोडे थांबावे. ही बंदी माणसामाणसांत भेद करणारी होती. एकाच गुन्ह्यास जातीप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे निराळे माप होते. तथापि त्या साऱ्या प्रकरणात एक गोष्ट आम्हांस विशेष लक्षात ठेवण्यासारखी वाटते. कोकणातल्या भंडाऱ्यांनी व कोळ्यांनी आपले म्हणणे हुजुरापर्यंत नेले, ते ऐकले गेले, आणि त्याप्रमाणे हुकूम फिरला. नंतरच्या दीडशे वर्षांत असे प्रसंग फार विरळ आढळतात.

इंग्रजी अंमल बसला आणि मद्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. नव्या सरकारास रयतेच्या धर्माचारात हात घालावयाचा नव्हता. रयतेच्या खिशात घालावयाचा होता. आरंभी सर्वांत सोपा मार्ग पत्करण्यात आला, तो मक्त्याचा. एका तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील मद्य गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावात काढावयाचा. जो सर्वांत अधिक बोली बोलेल त्याने सरकारात ठराविक रक्कम भरावी, आणि मग त्या टापूत किती भट्ट्या लावाव्या व कोठे दुकाने मांडावी हे त्याने आपल्या सोयीने पाहावे. ह्या व्यवस्थेची आठवण आपल्या भाषेने फार नेमकेपणाने जपून ठेविली आहे. ‘गुत्ता’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता किंवा विक्रीचा एकट्याचा हक्क असा आहे. मोल्सवर्थच्या कोशात तो तसाच दिलेला आढळतो. आज मात्र कोणीही मराठी मनुष्य ‘गुत्ता’ म्हटले की दारूचे दुकानच समजतो. सरकारचा करार आणि दारूचे घर ह्या दोन वस्तू लोकांच्या मनात इतक्या एकजीव झाल्या की पहिलीचे नाव दुसरीस कायमचे चिकटले. इतिहासकारांच्या शंभर पानांचे काम कधी कधी एक शब्द करतो, तो असा.

मक्त्याची पद्धत ढिली होती, आणि ढिलेपणात गरिबास थोडी जागा असते. खेड्यातला मनुष्य मोहाची फुले वेचून घरी थोडी गाळी, कोकणात भंडारी माड व ताड छेदून माडी-ताडी काढी, आणि मक्तेदाराची व त्याची काही तरी देवघेव ठरलेली असे. १८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला आणि ही जागा बुजविण्यास सुरुवात झाली. नव्या व्यवस्थेचे शिल्पकार चार्ल्स प्रिचर्ड नावाचे अधिकारी होते. जकात, मीठ, अफू व आबकारी ही सारी खाती त्यांच्या एकट्याच्या हाताखाली होती. आणि ही चार नावे एका ओळीत वाचली म्हणजे मद्याकडे सरकार कोणत्या दृष्टीने पाहत होते हे निराळे सांगावयास नको. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोठ्या कारखान्यांत देखरेखीखाली दारू गाळावयाची, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनावर कर घ्यावयाचा, आणि शिवाय विक्रीच्या परवान्याचे निराळे पैसे घ्यावयाचे, अशी ही दुहेरी योजना होती. मुंबईस लागणारी दारू उरणच्या भट्ट्यांतून येई. तीस लागणारी मोहाची फुले पंचमहालासारख्या दूरच्या मुलुखातून आणीत.

ह्या योजनेतली खरी ग्यानबाची मेख निराळ्याच ठिकाणी होती. जिल्ह्याचा पुरवठा ज्याच्या हाती द्यावयाचा, त्याजकडून कमीत कमी अमुक इतका कर वसूल होईल अशी हमी सरकार लिहून घेई. विक्री कमी होऊन कर त्या रकमेपर्यंत पोहोचला नाही, तर तूट त्याने पदरची भरावयाची. आता अशा मनुष्याने काय करावे? ज्या गावात दुकान नाही तेथे ते काढण्याची खटपट करावी, बाजाराच्या वाटेवर ते आणावे, गिरणीच्या अगर खाणीच्या तोंडाशी मांडावे, हे ओघानेच आले. कमीत कमी खपातून जास्तीत जास्त उत्पन्न काढावयाचे, असे सरकारी धोरणाचे सूत्र त्या काळी वारंवार सांगण्यात येत असे. सूत्र ऐकावयास गोड होते. परंतु परवान्याचा लिलाव करणाराच जर अधिक बोलीची वाट पाहत बसला असेल, तर खप कमी व्हावा अशी इच्छा त्या साऱ्या व्यवहारात कोणास असणार? घेणाऱ्यास नाही, देणाऱ्यास नाही. आणि ज्यांस ती असण्याचा संभव होता त्यांस लिलावाच्या मांडवात प्रवेश नव्हता.

कोकणात ह्याचा पहिला चटका बसला. झाडांवरील कर वाढविण्यात आला, झाड छेदण्याच्या परवान्याचे नियम आवळण्यात आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या माडांवर चढणाऱ्या भंडाऱ्यास आपलेच झाड परक्यासारखे झाले. १८८५-८६ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यातील भंडाऱ्यांनी झाडे छेदावयाचीच नाहीत असा संप केला. सरकारशी झगडण्याचे हत्यार म्हणून संप ही कल्पना गिरण्यांच्या चाळींत रुळण्यापूर्वी माडांच्या बागांत वापरली गेली, ही गोष्ट आमच्याकडील मजूर चळवळीच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. त्यानंतर १८९२ साली मोहाच्या फुलांचा कायदा आला. त्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले परवान्यावाचून जवळ बाळगणे हाच अपराध ठरविला. डोंगरातल्या मनुष्यास मोहाचे फूल म्हणजे दारूचा कच्चा माल एवढेच नव्हे. ते वाळवून खातात, धान्य संपल्यावर त्यावर दिवस काढतात, आणि लग्नात व देवकार्यातही त्याला स्थान असते. ह्या सर्व गोष्टी कायदा करणाऱ्यांपुढे मांडण्यात आल्या होत्या. परंतु घरची गाळणी बंद झाल्यावाचून दुकानाचा खप वाढत नाही, आणि दुकानाचा खप वाढल्यावाचून परवान्याला मोल येत नाही.

शहरांत तरी निराळे होते काय? पुण्याचेच उदाहरण घेऊ. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० च्या जुलै महिन्यात त्यांनी म्युनिसिपालिटीच्या प्रमुखांस पत्र लिहून शहरात दारूची दुकाने वाढत चालल्याबद्दल व त्यामुळे नागरिकांच्या होणाऱ्या नाशाबद्दल तक्रार केली. सत्यशोधक समाजाच्या संस्थापकाने ही तक्रार केली ह्यात नवल नाही. नवल आहे ते त्या म्युनिसिपालिटीच्या हतबलतेचे. गटारे, दिवे, झाडलोट ही कामे तिची. रस्त्यात पडलेल्या झिंगलेल्या मनुष्याला ओलांडून जाणारे लोकही तिचेच करदाते. परंतु रस्त्याच्या कडेला दुकान असावे की नसावे, हे ठरविणे तिचे नव्हे. परवाना कलेक्टर देई, आणि उत्पन्न सरकारी खजिन्यात जाई. भार स्थानिक आणि लाभ दूरचा, असा हा वाटा पडला होता. आणि पुढच्या अनेक वर्षांत त्यात मोठासा पालट झाला नाही.

ज्या देशातून हे राज्यकर्ते आले त्या देशात मात्र रीत निराळी होती, म्हणून तिकडे थोडे वळणे अवश्य आहे. इंग्लंडात १५५२ च्या कायद्यापासून मद्यगृहाचा परवाना स्थानिक मॅजिस्ट्रेट देत. हे मॅजिस्ट्रेट त्याच परगण्यातले जमीनदार व प्रतिष्ठित गृहस्थ असत, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरकती त्यांस ऐकाव्या लागत. ते सारे नेहमी निःपक्षपाती असत असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या मेहेरबानीच्या अनेक कथा तिकडच्या इतिहासात नमूद आहेत. १८३० साली पार्लमेंटने ह्या पद्धतीला फाटा देऊन पाहिले. जो करदाता दोन गिनी फी भरील त्यास मॅजिस्ट्रेटाला न विचारता बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला, आणि थोड्याच महिन्यांत हजारो नवी दुकाने उभी राहिली. तो प्रयोग अंगाशी आला आणि १८६९ साली ती दुकाने पुन्हा मॅजिस्ट्रेटांच्या ताब्यात द्यावी लागली. स्कॉटलंडात तर १९१३ च्या कायद्याने प्रत्येक वॉर्डातील मतदारांस मत देऊन दुकाने बंद करण्याचा अधिकार मिळाला, आणि १९२० साली त्याप्रमाणे मतदानही झाले. म्हणजे तिजोरीच्या खात्याने परवाना देण्याची जी रीत इंग्रजांनी स्वदेशात एकदा करून पाहून सोडून दिली, तीच हिंदुस्थानात त्यांनी शिस्तीने रुजविली.

ही विसंगती तिकडच्या काही सज्जनांच्याही डोळ्यांत खुपली. सॅम्युएल स्मिथ व डब्ल्यू. एस. केन ह्या दोघा सभासदांनी ३० एप्रिल १८८९ रोजी कॉमन्स सभेत ठराव आणला. पूर्वी जेथे दुकाने नव्हती अशा पुष्कळ ठिकाणी हिंदुस्थान सरकारच्या वसुलीच्या पद्धतीमुळे लोकमताविरुद्ध ती निघाली आहेत, असा त्या ठरावाचा आशय होता. सरकारचा विरोध असताही तो १०३ विरुद्ध ११३ मतांनी पास झाला. अवघ्या दहा मतांचा विजय. पण त्याने सिमल्यापर्यंत कागद हलले. १८९० साली हिंदुस्थान सरकारने जी तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत दुकान काढण्यापूर्वी स्थानिक लोकमत अजमवावे व त्यास योग्य मान द्यावा, हे एक तत्त्व होते. ‘योग्य’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. मान किती दिला म्हणजे तो योग्य होतो, हे ठरविण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यापाशीच राहिला होता.

हा अधिकार कसा चालतो ह्याचे प्रत्यंतर १९०८ साली पुण्यास आले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मद्यपाननिषेधाची चळवळ शहरात जोरात होती. टिळक तीत अग्रभागी होते, आणि डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांच्यासारख्या इंग्रज विद्वानाची तीस सहानुभूती होती. स्वयंसेवक गुत्त्यांच्या दाराशी उभे राहून आत जाणारांस हात जोडून परत फिरवीत. लोकमत अजमावण्याचा ह्याहून सोपा उपाय कोणता असेल? दुकानाच्या दारातच ते उभे होते. परंतु अधिकाऱ्यांनी ह्या उभे राहण्यास बंदी केली, आणि स्वयंसेवकांवर खटले झाले. परवानेदाराने पैसे भरले आहेत, तेव्हा त्याच्या गिऱ्हाइकास अडविणे हा त्याच्या हक्कावरचा घाला होय, अशी ही विचारसरणी. कायद्याच्या दृष्टीने ती चुकीची होती असेही म्हणता येत नाही. लिलावात सरकारने विकले होते ते केवळ मद्य नव्हते. त्या मद्याला गिऱ्हाईक मिळण्याची निर्वेध वाटही विकली होती.

१९१९ च्या सुधारणांनी आबकारीचे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. आता तरी गाडी रुळावर येईल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. काही प्रामाणिक प्रयत्न झालेही. मुंबई सरकारने दुकानांना १९२०-२१ च्या खपावर आधारलेले माप ठरवून दिले, आणि ते मुंबई शहरात दरसाल शेकडा १० व इतरत्र शेकडा ५ या प्रमाणात कमी करीत जाण्याचे ठरविले. परंतु मंत्र्यांच्या हाती आबकारीबरोबर शिक्षणही आले होते, आणि प्रांताच्या उत्पन्नात आबकारीचा वाटा फार मोठा होता. शाळा काढावयाची तर पैसा पाहिजे, आणि पैसा पाहिजे तर गुत्ता चालला पाहिजे! बापाने गुत्त्यात टाकलेल्या आण्यावर मुलाची पाटी-पेन्सिल अवलंबून राहावी, ह्यासारखा विपर्यास दुसरा नाही. १९३७ साली गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रात नेमके ह्याच दुखण्यावर बोट ठेविले होते.

त्याच सुमारास, कौन्सिलातील वादविवादांची ज्यांस वार्ताही नव्हती अशा लोकांनी आपल्यापुरता हा प्रश्न सोडवून दाखविला. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत देवी अंगात येण्याची एक लाट उठली. ती ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांतून सुरगाण्याकडे आणि तेथून दक्षिण गुजरातेत पसरत गेली. देवीची आज्ञा झाली: दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका, मांस सोडा, रोज स्नान करा. हजारो आदिवासींनी ती मानली, आणि पारशी दुकानदारांच्या गुत्त्यांवर शुकशुकाट झाला. डेव्हिड हार्डिमन ह्या इतिहासकाराने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या चळवळीचा साद्यंत वृत्तान्त दिला आहे. सुशिक्षितांस अंगात येणे ही गोष्ट हास्यास्पद वाटते. आम्हांस मात्र त्यात एक निराळी गोष्ट दिसते. ज्या माणसांना कोणत्याही कलेक्टराने कधी विचारले नव्हते, त्यांनी एकत्र बसून आपला निर्णय घेतला, आणि त्याला दैवी शिक्का मारून घेतला, कारण सरकारी शिक्का त्यांच्या हाती नव्हता. पुष्कळ ठिकाणी लोक पुढे पुन्हा पिऊ लागले हे खरे. परंतु दुकानदार व सावकार ह्यांच्या पकडीतून सुटण्याची जी वाट त्यांस एकदा दिसली, ती ते सर्वस्वी विसरले नाहीत.

यानंतरची हकीकत बहुतेकांस माहीत असल्यामुळे आम्ही ती थोडक्यात आटोपतो. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. आबकारी व आरोग्य ही खाती डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. ते स्वतः पारशी, हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर; आणि मद्याच्या धंद्यात पारशी समाजाचे फार मोठे भांडवल गुंतलेले. स्वजनांचा रोष पत्करून त्यांनी २० जुलै १९३८ रोजी अहमदाबादेत आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी अमलात आणली. बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील इमारतींवर शेकडा १० कर बसविला, तेव्हा घरमालकही खवळले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४० साली उच्च न्यायालयाने त्या बंदीचा कायदेशीर आधार अपुरा ठरविला, आणि गुत्ते पुन्हा उघडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला, एप्रिल १९५० पासून सबंध राज्यात बंदी आली, आणि १९५१ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे वगळून तो कायदा कायम केला.

डॉ. गिल्डर यांच्या धैर्याविषयी व हेतूविषयी आम्हांस संपूर्ण आदर आहे. तथापि ज्या दृष्टीने आम्ही हा इतिहास पाहत आहो, त्या दृष्टीने १८७८ चा कायदा आणि १९४९ चा कायदा ह्यांत एक साम्य दिसल्यावाचून राहत नाही. पहिल्याने मुंबईत बसून गावोगाव दुकाने मांडली. दुसऱ्याने मुंबईत बसून गावोगावची दुकाने उचलली. गावाने दोन्ही वेळा फक्त हुकूम ऐकला. लोकांचा मनापासून पाठिंबा जेथे नसतो तेथे बंदीचे काय होते, हे चोरट्या भट्ट्यांनी पुढे लवकरच दाखविले. शिवाय ज्यास वैद्यकीय दाखला मिळविता येई त्यास प्रकृतीच्या कारणास्तव पिण्याचा परवाना मिळत असे, त्यामुळे सुखवस्तू लोकांचे आरोग्य त्या काळात एकाएकी चिंताजनक झालेले आढळते! पेशवाईतले जातवार माप गेले आणि ऐपतवार माप आले, इतकेच.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर बंदी हळूहळू सैल होत गेली. गुजरातने ती ठेविली. महाराष्ट्राने आधी वैयक्तिक परवाने सुलभ केले, आणि १९७३ साली देशी दारूच्या विक्रीचे नियम करून गुत्त्यांस पुन्हा राजरोस दार उघडून दिले. मौजेची गोष्ट अशी की, ज्या कायद्याखाली आज महाराष्ट्रात मद्यविक्रीचा प्रत्येक परवाना दिला जातो, त्या कायद्याचे नाव अजून दारूबंदी कायदा असेच आहे. केवळ ‘मुंबई’ ह्या शब्दाच्या जागी ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. हमरस्त्यावरील पाट्यांवर ‘परमिट रूम’ अशी जी अक्षरे दिसतात, ती त्याच बंदीच्या काळाचा अवशेष होत. पिणाऱ्यापाशी परमिट असावे अशी कायद्याची अपेक्षा असते. ती किती ठिकाणी पाळली जाते, हे आम्ही वाचकांच्या अनुभवावर सोपवितो.

अखेर गावास विचारण्याचा प्रसंग आला तो २००८ साली, आणि तो आणला मुख्यत्वे स्त्रियांनी. खेड्यापाड्यांतील बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, गुत्त्यांपुढे बसून राहिल्या, मडकी फोडली. त्या रेट्याने सरकारने त्या वर्षीच्या मार्च महिन्यात हुकूम काढून गावातील किंवा वॉर्डातील परवाने मतदानाने बंद करण्याची रीत घालून दिली. शेकडा २५ मतदारांनी, किंवा एकट्या स्त्री मतदारांपैकी तितक्यांनी, सह्यांनिशी मागणी केली म्हणजे अधिकारी सह्या पडताळतात आणि गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान राहावे असे वाटणाराने उभीवर शिक्का मारावा, जावे असे वाटणाराने आडवीवर. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नाही तिलाही हे चित्र समजते. ‘बाटली आडवी करणे’ हा वाक्प्रचारच त्यापासून मराठीत रूढ झाला. सरकारी मसुद्यातून जिवंत वाक्प्रचार जन्मास येणे ही दुर्मीळ गोष्ट होय, आणि तिचे श्रेय मसुदा लिहिणाऱ्यापेक्षा तो अमलात आणणाऱ्या बायकांस आहे.

परंतु ह्या हुकुमातली एक अट पाहण्यासारखी आहे. मतदानास आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत. यादीतील एकंदर मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. जी बाई त्या दिवशी मजुरीस परगावी गेली, जी बाळंत होऊन पडली, जी मेली तरी जिचे नाव यादीतून निघाले नाही, तिचे मत न देताच उभ्या बाटलीकडे मोजले जाते. आमदार किंवा खासदार निवडून यावयास अशी अट नाही. सरपंचासही नाही. ग्रामपंचायतीचा कारभार पडलेल्या मतांच्या संख्येवर चालतो; दुकानाला मात्र गैरहजर माणसांचाही आधार आहे. दुकानाचा परवाना दिला तेव्हा निम्म्या गावाची संमती घेतली होती काय, असे कोणा बाईने मोजणीच्या मेजापाशी विचारले तर तिला काय उत्तर द्यावे?

चंद्रपूर जिल्ह्यात हीच मागणी जिल्हाभर पसरली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी होती. चंद्रपूरच्या स्त्रियांनी चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी मोर्चा नेला, शेकडो ग्रामपंचायतींनी बंदीच्या बाजूने ठराव केले, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यातील दुकाने बंद झाली. इतक्या खालून वर गेलेली मागणी ह्या इतिहासात दुसरी क्वचितच सापडेल. बंदीनंतर चोरट्या दारूचा सुळसुळाट झाला, तीत बायकामुलेही ओढली गेली, महसूल बुडाला, असे अहवाल मग सरकारकडे आले. त्यांतील तक्रारी खोट्या होत्या असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठविली. बंदी घालताना ज्या ग्रामपंचायतींच्या ठरावांचा आधार घेतला होता, त्यांजकडे ती उठविताना पुन्हा मत मागण्यात आले नाही. सहा वर्षे निजलेले जुने परवाने नूतनीकरणासाठी बाहेर निघाले, त्यांची फी भरली गेली, आणि बहुतेक ते जुन्याच भिंतींवर पुन्हा टांगले गेले.